तरुण आई-वडिलांच्या कॅन्सर उपचारासाठी निधी उभारताना: पहिल्या चौकशीपासून शेवटच्या हिशेबापर्यंत

पस्तिशीतल्या आईला किंवा वडिलांना कर्करोगाचे निदान होते, घरात बालवाडीत जाणारे मूल असते, घराचे हप्ते चालू असतात आणि डॉक्टर ज्या औषधाचे नाव घेतात ते कोणत्याही योजनेच्या यादीत बसत नाही. कधी याहून अवघड प्रसंग येतो. कोणीतरी सुचवलेल्या एखाद्या पर्यायी उपचार केंद्राची पंधरा-वीस लाखांची मागणी समोर येते आणि रुग्णाचे मन तिथेच अडकून बसते. अशा वेळी भाऊ, मेहुणा, मैत्रीण किंवा कार्यालयातील सहकारी ‘आपण पैसे उभे करू’ असे म्हणत पुढे होतो. हा लेख त्या पुढे होणाऱ्या माणसासाठी आहे. यातील योजना आणि नियम महाराष्ट्रातील रुग्णांना डोळ्यांसमोर ठेवून दिले आहेत.

सुरुवातीलाच एक गोष्ट आग्रहाने सांगतो. कोणता उपचार घ्यायचा हे ठरण्याआधी पैशांचे आवाहन फिरवू नये. एखाद्या विशिष्ट केंद्राचे नाव घालून आवाहन केले आणि तीनशे-चारशे लोकांनी त्यासाठी पैसे दिले, की पुढे तो उपचार लागू पडत नाही असे दिसले तरी माघार घेणे रुग्णाला फार जड जाते. लोकांनी विश्वासाने पैसे दिले, आता त्यांना काय सांगायचे, या ओझ्याखाली माणसे नको तो उपचार पुढे रेटत राहतात. म्हणून आवाहन त्या व्यक्तीसाठी आणि तिच्या कुटुंबासाठी करावे, एखाद्या केंद्रासाठी किंवा एखाद्या औषधासाठी करू नये.

उपचार नेमका कोणत्या प्रकारचा आहे?

‘हे योजनेत बसत नाही’ असे सांगितले जाते तेव्हा त्यामागे तीन अगदी वेगळ्या परिस्थिती असू शकतात. पहिलीत उपचार सिद्ध झालेला असतो, पण महाग असल्यामुळे योजनेच्या किंवा विम्याच्या मर्यादेबाहेर राहतो. इम्युनोथेरपीची (शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कर्करोगाशी लढायला लावणारी) काही इंजेक्शने, काही नेमक्या जनुकीय दोषावर काम करणाऱ्या गोळ्या आणि कार-टी पेशी उपचार (यात रुग्णाच्याच प्रतिकारपेशी बाहेर काढून, त्यांत बदल करून परत देतात) ही त्याची उदाहरणे आहेत. मुंबई आयआयटी आणि टाटा मेमोरियल यांच्या सहकार्यातून तयार झालेल्या ‘नेक्सकार-१९’ या भारतीय कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते पवई येथे त्याचे लोकार्पण झाले. परदेशात कोट्यवधी रुपये लागणाऱ्या या उपचाराचा खर्च त्यामुळे लाखांत आला, तरीही सामान्य कुटुंबाला तो पेलणारा नाही. तो ठरावीक प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगांसाठीच आहे, हेही ध्यानात ठेवावे.

दुसरी परिस्थिती म्हणजे संशोधनाच्या टप्प्यावर असलेला उपचार. भारतात मानवी चाचण्यांची नोंद ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री’ या सार्वजनिक नोंदवहीत करावी लागते आणि ती कोणालाही पाहता येते. खऱ्या चाचणीत तपासले जाणारे औषध साधारणपणे रुग्णाला विकत घ्यावे लागत नाही. ‘आमच्याकडे संशोधन सुरू आहे’ असे म्हणत जो लाखो रुपये मागतो, त्याच्याकडे आधी नोंदणी क्रमांक मागावा.

तिसरी परिस्थिती पर्यायी उपचारांची. तिच्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे, कारण घराघरांत सर्वाधिक वाद आणि सर्वाधिक नुकसान तिथेच होते.

या तिन्हींतले काय आहे हे समजण्यासाठी दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावे. २०१२ मध्ये सुरू झालेल्या ‘नॅशनल कॅन्सर ग्रिड’ या जाळ्यात देशभरातील कर्करोग रुग्णालये आहेत आणि त्यांच्याशी जोडलेल्या ‘नव्या’ या ऑनलाइन सेवेमार्फत कागदपत्रे पाठवून तज्ज्ञांचे लेखी मत घेता येते. सांगली, सोलापूर किंवा नांदेडच्या रुग्णाला त्यासाठी मुंबईत परळच्या टाटा मेमोरियलपर्यंत जाण्याची गरज पडत नाही. पॅथॉलॉजीचा मूळ अहवाल, बायोप्सीचे (तपासणीसाठी काढलेल्या तुकड्याचे) ब्लॉक आणि स्लाइड, स्कॅनच्या सीडी आणि आतापर्यंतच्या औषधांची चिठ्ठी हे सारे एका फायलीत तारखेप्रमाणे लावून ठेवावे. ही फाइल पुढे प्रत्येक अर्जाला लागते.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न कागदावर लिहून न्यावेत. आजार पूर्ण बरा होण्याची अपेक्षा आहे, तो लांबवण्याची आहे, की फक्त त्रास कमी करण्याची? अशा १०० रुग्णांपैकी साधारण कितींना फायदा होतो, आणि तो किती काळ टिकतो? किती डोसनंतर स्कॅन करून पुढे जायचे की थांबायचे हे ठरवणार? याच औषधाचे भारतीय बायोसिमिलर (मूळ औषधासारखेच दुसऱ्या कंपनीने बनवलेले औषध) मिळते का? आणि कमी मात्रेत हे औषध चालेल का?

हा शेवटचा प्रश्न विचारायला लोक बिचकतात, पण त्यामागे भक्कम आधार आहे. निव्होलुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाची प्रचलित मात्रा दर दोन आठवड्यांना २४० मिलिग्रॅम आहे. टाटा मेमोरियलमधील डॉक्टरांनी डोके व मान यांच्या प्रगत कर्करोगाच्या रुग्णांना रोजच्या तोंडी औषधांबरोबर दर तीन आठवड्यांना फक्त २० मिलिग्रॅम देऊन पाहिले. ही अत्यल्प मात्रा न मिळालेल्या गटात एका वर्षानंतर १६.३ टक्के रुग्ण हयात होते, मिळालेल्या गटात ४३.४ टक्के. हा निष्कर्ष त्या विशिष्ट आजाराचा आणि त्या टप्प्याचा आहे, तो प्रत्येक कर्करोगाला लावता येत नाही. तरीसुद्धा तीस लाखांचे आवाहन करण्याआधी हा एक प्रश्न विचारल्याने काही कुटुंबांचा आकडा निम्म्याहून खाली येऊ शकतो.

पर्यायी उपचाराचा आग्रह असेल तर

लहान मुलांची आई ‘मला काहीही करून पाहायचे आहे’ म्हणते तेव्हा तिला अडाणी ठरवून गप्प करणे क्रूरपणाचे आहे. केमोने केस गेलेले असतात, तोंड आलेले असते, अन्नाची चव गेलेली असते आणि कोणीतरी व्हिडिओ दाखवून ‘विनात्रास शंभर टक्के बरे’ असे सांगत असते. तिचे ऐकून घ्यावे, आणि नंतर माहिती तिच्यासमोर ठेवावी.

अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. स्तन, प्रोस्टेट, फुप्फुस आणि मोठे आतडे यांच्या, शरीरात अन्यत्र न पसरलेल्या कर्करोगासाठी फक्त पर्यायी उपचार निवडलेल्या २८१ रुग्णांची तुलना त्यात नेहमीचे उपचार घेतलेल्यांशी केली होती. पर्यायी उपचारांवर विसंबलेल्यांमध्ये मृत्यूचा धोका एकूण अडीच पट आढळला आणि स्तनाच्या कर्करोगात पाचपटीहून अधिक. म्हणजे ज्यांचा आजार बरा होण्याजोगा होता, त्यांनाच सर्वात मोठा फटका बसला. तरुण आई-वडिलांच्या बाबतीत हे फार महत्त्वाचे आहे, कारण त्यांच्यापैकी अनेकांना पूर्ण बरे होण्याची संधी असते आणि ती संधी काही महिन्यांच्या दिरंगाईने हातची जाते.

निधी गोळा करणाऱ्यांसाठी ब्रिटनचा अनुभव डोळे उघडणारा आहे. तेथील ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने २०१८ मध्ये दाखवून दिले की २०१२ पासून पर्यायी कर्करोग उपचारांसाठी, बहुतांशी परदेशी केंद्रांसाठी, लोकवर्गणीतून ऐंशी लाख पौंडांच्या आसपास रक्कम जमा झाली होती. पैसे देणारे सारे शेजारी-पाजारी, शाळेतले पालक, कामावरचे सोबती होते आणि त्यांच्या हेतूबद्दल कोणालाही शंका घेता येणार नाही. तरी तो पैसा पुराव्याशिवाय चालणाऱ्या केंद्रांकडे गेला.

आपल्याकडे ‘औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, १९५४’ लागू आहे आणि ज्या आजारांवरील उपायांची जाहिरात करण्यास त्यात मनाई आहे, त्या यादीत कर्करोग आहे. त्यामुळे कर्करोग बरा करण्याची हमी देणारी जाहिरात दिसली, तर ती देणारा कायदा मोडतो आहे हे घरच्यांना स्पष्ट सांगावे. आणखीही खुणा आहेत. पॅथॉलॉजीचा अहवाल न पाहताच उपचार सांगितला जातो, केमो किंवा शेक (रेडिएशन) बंद करण्याची अट घातली जाते, सारी रक्कम आगाऊ आणि रोखीने मागितली जाते, पावतीवर औषधाचे नाव नसते, आणि पुरावा म्हणून फक्त बऱ्या झालेल्यांचे व्हिडिओ पुढे केले जातात. यातली एक खूण दिसली तरी थांबून विचारपूस करावी, आणि दोन दिसल्या तर पैसे देऊच नयेत.

मात्र नेहमीच्या उपचाराला जोड म्हणून घेतलेल्या गोष्टी आणि त्याच्या जागी घेतलेल्या गोष्टी यांची गल्लत करू नये. योगासने, प्राणायाम, आहारतज्ज्ञाचा सल्ला, मनाला आधार देणारे समुपदेशन यांना कर्करोगतज्ज्ञांचाही विरोध नसतो. पोटात घ्यायचे कोणतेही चूर्ण, भस्म किंवा काढा मात्र डॉक्टरांना दाखवल्याशिवाय सुरू करू नये, कारण केमोच्या काळात यकृत आणि मूत्रपिंड यांच्यावर आधीच ताण असतो आणि काही वनस्पती औषधांचा परिणाम बदलतात.

एवढे सांगूनही रुग्णाने त्याच वाटेने जायचे ठरवले तर? प्रौढ माणसाला तो अधिकार आहे. अशा वेळी निधी उभारणाऱ्याने घरखर्च, मुलांची फी, भाडे आणि वेदनाशमनाचा उपचार यांसाठी वर्गणी करावी, आणि केंद्राच्या खर्चासाठी आपण आवाहन करणार नाही हे प्रेमाने पण ठामपणे सांगावे. डॉक्टरांनी उपचार सुचवलेला असताना ‘डॉक्टरांनी हात टेकले’ असे आवाहनात लिहिणे ही देणाऱ्यांची फसवणूक आहे, ती कोणाच्याही आग्रहाने करू नये.

मागण्याआधी हक्काचे पैसे पाहा

वर्गणीला हात घालण्यापूर्वी एक आठवडा फक्त योजनांच्या चौकशीला द्यावा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना १ जुलै २०२४ पासून राज्यातील सर्व रहिवाशांना, रेशनकार्डाचा रंग कोणताही असो, लागू आहे आणि प्रत्येक कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. कर्करोगाच्या शस्त्रक्रिया, केमो आणि शेक यांतील बराच भाग तिच्यात येतो. उपचार योजनेतील रुग्णालयात घ्यावा लागतो आणि आधी मंजुरी घ्यावी लागते, म्हणून दाखल होण्यापूर्वीच तेथील आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, भेटावे. एखादे महागडे औषध योजनेत बसत नाही म्हणून संपूर्ण उपचारच बाहेर करायचा, असे ठरवून टाकू नये. शस्त्रक्रिया आणि शेक योजनेतून करून केवळ त्या औषधापुरते पैसे उभे करता येतील का, हे विचारावे.

धर्मादाय रुग्णालयांबाबत लोकांना फार कमी माहिती असते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यातील कलम ४१ कक आणि उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेली योजना यांनुसार या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात, तसेच बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकावी लागते. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन आणि ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल, अशी मर्यादा आहे. शहरातली अनेक मोठी, चकचकीत रुग्णालये या कायद्याखाली येतात. तेथील समाजसेवा विभागात तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन जावे आणि खाट शिल्लक नाही असे सांगितले गेले तर तसे लेखी मागावे. धर्मादाय आयुक्तालयाकडे दाद मागता येते.

मुख्यमंत्री सहाय्यता निधीसाठी वार्षिक उत्पन्न १ लाख ६० हजारांच्या आत असावे लागते. अर्जासोबत रुग्णालयाचे खर्चाचे अंदाजपत्रक, तपासण्यांचे अहवाल, चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला आणि दाखल असलेल्या रुग्णाचा जिओ टॅग केलेला (ठिकाणाची नोंद असलेला) फोटो जोडतात. मंजूर रक्कम थेट रुग्णालयाच्या खात्यात जाते आणि आधीच भरलेल्या बिलाची भरपाई मिळत नाही, त्यामुळे बिल भरून टाकल्यावर अर्ज करण्यात अर्थ नसतो. पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीकडेही अर्ज करता येतो; तिथे खासदारांचे शिफारसपत्र उपयोगी पडते. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांसाठी केंद्राचा आरोग्यमंत्र्यांचा कर्करोग रुग्ण निधी आहे आणि तो ठरावीक कर्करोग केंद्रांमार्फत मिळतो.

नोकरदार रुग्ण राज्य कामगार विमा योजनेत असेल, तर उपचाराखेरीज पात्रतेनुसार दोन वर्षांपर्यंत वेतनाच्या ८० टक्के दराने वाढीव आजारपण लाभ मिळू शकतो. कमावता माणूसच आजारी असलेल्या घरात हा लाभ एखाद्या मोठ्या देणगीइतका मोलाचा असतो. भविष्य निर्वाह निधीतून आजारपणासाठी रक्कम काढता येते. रेल्वेच्या शयनयान आणि तृतीय वातानुकूलित वर्गात उपचारासाठी जाणाऱ्या कर्करोग रुग्णाला संपूर्ण तर सोबतच्या माणसाला ७५ टक्के सवलत आहे, त्यासाठी रुग्णालयाचे विहित नमुन्यातील प्रमाणपत्र लागते. औषध कंपन्यांचे मदत कार्यक्रमही असतात, काही डोस विकत घेतल्यावर पुढचे मोफत दिले जातात, पण डॉक्टरांनी सुरुवातीलाच नाव नोंदवले नाही तर ते हातचे जातात. १९५१ मध्ये स्थापन झालेली इंडियन कॅन्सर सोसायटी आणि १९६९ पासून काम करणारी कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन या मुंबईतील संस्थाही अर्ज तपासून मदत करतात. मुक्कामासाठी परळची नाना पालकर स्मृती समिती आणि दादरची गाडगे महाराज धर्मशाळा यांनी पिढ्यानपिढ्या गावाकडच्या रुग्णांना सांभाळले आहे.

या सगळ्यातून किती मिळेल याचा अंदाज आल्याशिवाय शेत विकू नये आणि सावकाराच्या दारात तर जाऊच नये. घाईत विकलेल्या जमिनीला भाव मिळत नाही, आणि पुढे त्या मुलांसाठी काहीच उरत नाही.

आकडा कसा काढावा

रुग्णालयाचे अंदाजपत्रक लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह आणि बाबवार घ्यावे: औषध, ते देण्याचा खर्च, खाट, रक्ततपासण्या, स्कॅन, आणि रक्तपेशी कमी झाल्यास दाखल करावे लागले तर त्याचा अंदाज. याशिवाय घरचा खर्च वेगळा मांडावा. समजा दीड लाखाच्या एका डोसाप्रमाणे आठ डोस सांगितले आहेत. सरळ हिशेबाने बारा लाख होतात. पण तीन डोसांनंतर स्कॅन होणार असेल, तर पहिले आवाहन तीन डोस, तो स्कॅन, प्रवास-मुक्काम आणि तीन महिन्यांचा घरखर्च एवढ्यापुरतेच, म्हणजे साधारण सात लाखांचे करावे. स्कॅन चांगला आला तर दुसरा टप्पा जाहीर करता येतो, आणि वाईट आला तर उरलेल्या पाच डोसांचे पैसे गोळा झालेले नसल्याने उपचार बदलण्यास रुग्ण मोकळा राहतो. टप्प्याटप्प्याने मागितल्यास लोकही मनापासून देतात, कारण त्यांना आवाक्यातला आकडा दिसतो.

घरखर्च मागण्यात संकोच करू नये. आई रुग्णालयात असताना मुलाला पाळणाघरात ठेवण्याचे पैसे, वडिलांच्या बिनपगारी रजा, घरभाडे हा आजाराचाच खर्च आहे. तो उघड लिहावा.

पैसे कोणाच्या खात्यात जमा करावेत

सर्वात उत्तम मार्ग म्हणजे देणगीदारांनी रुग्णाच्या नोंदणी क्रमांकासह थेट रुग्णालयाच्या खात्यात रक्कम भरणे. घरखर्चासाठी मात्र वेगळे बँक खाते लागते. ते रुग्णाच्या नेहमीच्या खात्यात मिसळू नये. नवीन संयुक्त खाते उघडून त्यात रुग्णाचा जोडीदार आणि घराबाहेरचा एक विश्वासू माणूस यांच्या दोघांच्या सहीची अट ठेवावी. दोन्हीकडच्या नातेवाइकांत पुढे कुरबूर होऊ नये म्हणूनही हे आवश्यक आहे.

आयकराची बाजू आधीच एखाद्या सनदी लेखापालाला दाखवावी. नातेवाईक नसलेल्यांकडून एका आर्थिक वर्षात मिळालेल्या भेट रकमा एकूण ५० हजारांच्या वर गेल्या, तर ती संपूर्ण रक्कम घेणाऱ्याचे उत्पन्न धरली जाऊ शकते. कायद्यातील नातेवाइकांच्या व्याख्येत सख्खी भावंडे, काका, मामा, आत्या, मावशी येतात, पण चुलत किंवा मामे भावंडे येत नाहीत. नोंदणीकृत धर्मादाय न्यासामार्फत आलेल्या मदतीला वेगळी सूट आहे. देणाऱ्याला ८० जीची करसवलत हवी असेल, तर तीही पात्र न्यासाला दिलेल्या देणगीवरच मिळते, व्यक्तीला दिलेल्या पैशावर मिळत नाही. एखाद्या न्यासाला विनंती करण्याचे हे एक चांगले कारण आहे. रोखीने दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम एका व्यक्तीकडून घेण्यास मनाई आहे. रोख कितीही कमी असली तरी लगेच खात्यात भरून पावती द्यावी.

परदेशातील मराठी मंडळी अशा वेळी मोठ्या मनाने धावून येतात. त्यांच्यापैकी भारतीय पासपोर्ट असलेल्यांनी बँकेमार्फत पाठवलेली रक्कम परकीय योगदान मानली जात नाही. ज्यांनी तिथले नागरिकत्व घेतले आहे, त्यांचे ओसीआय कार्ड (मूळच्या भारतीयांना मिळणारे ओळखपत्र) असले तरी कायद्याच्या दृष्टीने ते परकीय स्रोत ठरतात आणि परकीय योगदान नियमन कायद्याखाली नोंदणी नसलेल्या न्यासाला त्यांचे पैसे घेता येत नाहीत. आवाहन परदेशी पाठवताना हे दोन ओळींत लिहावे, म्हणजे आलेली रक्कम परत पाठवण्याची वेळ येत नाही.

मिलाप, केटो, इम्पॅक्टगुरू यांसारख्या ऑनलाइन व्यासपीठांवर आवाहन टाकण्यापूर्वी एकूण किती टक्के कपात होणार, पैसे भरण्याच्या यंत्रणेचे शुल्क किती, त्यांनी स्वतः जाहिरात केल्यास तिचा खर्च कोणाच्या माथी आणि रक्कम किती दिवसांत रुग्णालयाला पोहोचणार, हे लेखी विचारावे. ‘आम्ही पैसे मिळवून देतो, आमचे इतके टक्के’ असे सांगत रुग्णालयाच्या आवारात भेटणाऱ्या मध्यस्थाला कागदपत्रे देऊ नयेत.

आवाहनाचा मजकूर

मजकूर रुग्णाने स्वतः वाचून मान्य केल्याशिवाय बाहेर जाऊ देऊ नये. आजार कोणत्या टप्प्यावर आहे हे किती उघड करायचे, तोही निर्णय रुग्णाचाच. मुलांचे चेहरे, शाळेचे नाव आणि घराचा पत्ता टाकू नये. ते मूल उद्या दहावीत जाईल आणि आईच्या आजारपणाचा तो फोटो तेव्हाही कोणाच्या तरी मोबाइलमध्ये असेल. रडणाऱ्या मुलाच्या फोटोने पैसे लवकर जमतात हे खरे आहे, तरीही तो टाकू नये असे माझे ठाम मत आहे. आधारकार्ड आणि संपूर्ण वैद्यकीय अहवाल गटागटांत फिरवू नयेत. मागणाऱ्याला दाखवण्यासाठी ते संपर्क व्यक्तीकडे ठेवावेत.

मजकुराचा एक नमुना देतो. नावे आणि आकडे आपापले घालावेत.

‘आमची मैत्रीण (नाव), वय ३४, हिला स्तनाच्या कर्करोगाचे निदान झाले आहे. तिला सहा वर्षांची मुलगी आहे. शस्त्रक्रिया आणि केमो महात्मा फुले योजनेतून झाले. डॉक्टरांनी सुचवलेले पुढील औषध योजनेत येत नाही. पहिल्या तीन डोसांचा, तपासणीचा आणि तीन महिन्यांच्या घरखर्चाचा मिळून ७ लाख रुपये खर्च आहे. कुटुंबाने २ लाख उभे केले आहेत. ५ लाखांची गरज आहे. तपासणीनंतर उपचार बदलला, तर ही रक्कम डॉक्टर सांगतील त्या पुढील उपचारासाठी वापरली जाईल. रक्कम शिल्लक राहिल्यास ती मुलीच्या शिक्षणासाठी ठेवण्यात येईल. हिशेब दर महिन्याच्या ५ तारखेला याच गटावर दिला जाईल. चौकशीसाठी संपर्क: (दोन व्यक्ती).’

या मजकुरातील उपचार बदलल्यास आणि रक्कम उरल्यास काय होईल ही दोन वाक्ये कोणत्याही परिस्थितीत गाळू नयेत. पुढचे बहुतेक गैरसमज त्यांच्यामुळे टळतात.

कोणाकडे आधी जावे

आवाहन एकदम सगळीकडे फेकण्याऐवजी आधी दहा-पंधरा जवळच्या माणसांना फोन करावा. त्यांची रक्कम जमा झाल्यावर बाहेर पडणारे आवाहन रिकाम्या आकड्यापासून सुरू होत नाही आणि अनोळखी माणसालाही विश्वास वाटतो. त्यानंतर दहावी-बारावीच्या बॅचचे गट, जोडीदाराचे कार्यालय, मुलाच्या शाळेतील पालक, सोसायटी, गावचे मुंबईकर मंडळ, पतसंस्था, कर्मचारी संघटना, असे एकेक वर्तुळ घ्यावे आणि प्रत्येक वर्तुळात पाठपुरावा करणारा एक माणूस नेमावा. गणेशोत्सव मंडळे वैद्यकीय मदतीसाठी रक्कम बाजूला ठेवतात, पण त्यांना कार्यकारिणीची बैठक घ्यावी लागते, म्हणून पत्र लवकर द्यावे.

सर्वांना पैसे देणे जमत नाही. त्यांच्यासाठी कामांची यादी ठेवावी: प्लेटलेट देणारे, सोमवार-गुरुवार डबा पोहोचवणारे, मुलाला शाळेतून आणणारे, तहसील कार्यालयात दाखल्यासाठी खेटे घालणारे. यातल्या प्रत्येक कामाने घरखर्चाचा आकडा थोडा थोडा खाली येतो, आणि रुग्णाच्या जोडीदाराला झोप मिळते.

हिशेब आणि शेवट

जमा आणि खर्च यांची वही पहिल्या रुपयापासून रुग्णाच्या घराबाहेरच्या माणसाने लिहावी. देणगीदाराचे नाव जाहीर करायचे की नाही हे त्याला विचारून ठरवावे, आणि रकमांच्या उतरत्या क्रमाने यादी कधीही लावू नये. शंभर रुपये देणारी घरकाम करणारी बाई त्या यादीत सर्वात खाली दिसू नये. दर महिन्याला एकूण जमा, रुग्णालयाला दिलेली रक्कम, घरखर्च आणि शिल्लक एवढ्या चार ओळी पुरतात. रुग्णाच्या प्रकृतीची बातमी देण्याची सक्ती मात्र कोणी करू नये. पैसे दिले म्हणून रोजचा तपशील विचारणाऱ्यांना संपर्क व्यक्तीने परस्पर उत्तर द्यावे, तो फोन रुग्णापर्यंत जाऊ देऊ नये. उद्दिष्ट पूर्ण झाले की त्याच दिवशी आवाहन बंद करून तसे जाहीर करावे आणि क्यूआर कोड काढून टाकावा, कारण जुने आवाहन नंबर बदलून फिरवणारे लोक असतात.

रुग्ण बरा झाला तर तपासण्यांसाठी पुढील दोन-तीन वर्षांची रक्कम राखून उरलेल्या पैशांचा ठरल्याप्रमाणे विनियोग करावा. रुग्ण गेला तर पहिले काही आठवडे हिशेबाचा विषय कुटुंबाकडे काढू नये. रुग्णालयाकडे जमा असलेली अनामत परत मिळवण्याचे काम निधीतील माणसांनीच करावे; त्यासाठी मूळ पावत्या आणि वारसाचा अर्ज लागतो. आवाहनात लिहिल्याप्रमाणे शिल्लक रक्कम मुलाच्या नावाने मुदत ठेवीत किंवा, मुलगी दहा वर्षांच्या आतील असेल तर, सुकन्या समृद्धी खात्यात ठेवता येते. ठेवीच्या पावतीची प्रत शेवटच्या हिशेबासोबत सर्व देणगीदारांना पाठवावी आणि त्यानंतर संयुक्त खाते बंद करावे.